बिनउष्टं पाणी

दाढी झाली, चहा झाला, आणि रोजच्यासारखा विश्वंभरने टेबलाच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, कापसातला गोटा उचलून उजव्या कानाशी नेला, हलवला, आणि गोटा बोलला नाही. बाहेर गिरगाव नेहमीसारखं कावलेलं होतं. चाळीच्या नळावर बादल्यांची भांडणं चालली होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी कांडत होतं, समोरच्या गॅलरीतला रेडिओ बातम्या सांगत होता. या गोंगाटात एवढ्याशा पाण्याचा आवाज काय यायचा, असं म्हणून त्याने खिडकी लावली, दार लावलं आणि गोटा डाव्या कानाशी नेला. मग पुन्हा उजव्या. मग दोन्ही हातांत धरून खुळखुळ्यासारखा हलवला. साडेनऊ वर्षं रोज सकाळी आतून एक बारीक ‘डुबुक’ यायचं. कधी एक, कधी लागोपाठ दोन. ते ऐकलं की तो डबा बंद करायचा, छत्री घ्यायची की नाही ते ठरवायचा आणि कॉलेजात जायचा. आज काहीच आलं नाही. त्याने दिवा लावून गोटा दिव्यापुढे धरला. राखी सालीआड पूर्वी पाण्याची एक रेघ दिसायची, गोटा कलता केला की तीही कलायची. आता आत नुसता उजेड होता. तो खुर्चीवर बसला.  एका दगडासाठी आपण कॉलेजची वेळ चुकवून बसलो आहोत याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो उठला नाही.

समोर दौतीखाली एक पोस्टकार्ड होतं. ते तिथे आठ दिवस होतं. दौत उचलायची, टाक बुडवायचा, दौत पुन्हा कार्डावर ठेवायची, असं आठ दिवस चाललं होतं. कार्ड दिवेआगरहून आलेलं होतं, शाळामास्तरीण असलेल्या अनुसूयाच्या वळणदार अक्षरातलं. गावात पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग दुकानदार वाचतो आणि मग पेटीत पडतं, म्हणून तिने त्याला त्यात ‘तुम्ही’ केलं होतं. ‘श्री. विश्वंभर यांस, अनुसूयाचा स. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम. मुरुडच्या हेडमास्तरांकडची मंडळी तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी येणार आहेत. त्यांनाही मंगळ आहे. तुमचा गोटा बोलतो का, ते कळवावे. आपले काही म्हणणे असल्यास तेही कळवावे. कळावे.’ तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. रविवार परवावर आला होता. आपलं म्हणणं काय आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ते कळवायला एक ओळ पुरली असती. पण ज्या माणसाने प्रबंधाचं चौथं प्रकरण नऊदा फाडलं, त्याला ती एक ओळ काही लिहिता येईना. कार्डातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी आज सकाळपर्यंत ‘हो’ असं होतं. आता तेही राहिलं नव्हतं.

हा गोटा जमिनीतून वर आला तो सत्तेचाळीसच्या मे महिन्यात. विश्वंभर सुट्टीला घरी आला होता. त्याची वाडी आणि अनूची वाडी यांच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा, आणि विहीर दोघांत मिळून एक. डोंगराच्या अंगाला असल्यामुळे ती वीस फुटांवर काळ्या कातळाला टेकली होती आणि त्या उन्हाळ्यात तळाला गेली होती. पोफळी माना टाकायला लागल्या तेव्हा दोन्ही घरांनी मिळून कोंडाजीला आणलं. कोंडाजी पंचक्रोशीतल्या विहिरी खणायचा. कातळावर आधी कान टेकायचा, मग छिन्नी टेकायचा. तिसऱ्या दिवशी त्याने खालून हाक मारली आणि टोपलीतून दगडांबरोबर हा गोटा वर पाठवला. लहानशा आंब्याएवढा, एका बाजूला काळ्या कातळाची खपली चिकटलेला. मागोमाग दोर धरून तो स्वतःच वर आला. ‘आयकलं का, विशूभाऊ? हलवून बगा. आत पानी हाय.’ विश्वंभरने हलवून बघितलं. आतून डुबुक आलं. त्याच्या पाठीमागे अनू उभी होती. तिने त्याच्या हातातून गोटा काढून घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले. एकोणीस वर्षांची होती ती. तिच्या कानाच्या पाळीला मातीचा एक ठिपका लागला. बारा वर्षांनंतर, चाळीच्या खोलीत, तो ठिपका विश्वंभरला जितका स्पष्ट दिसला तितका समोरचा रेडिओही ऐकू येत नव्हता. ‘पण बंद दगडात पाणी गेलं कुठून?’ त्याने विचारलं होतं. कोंडाजी हसला होता. ‘जातंय कुटनं? दगुड जल्मला तवाच आत. याला कुनाचं त्वांड लागल्यालं न्हाय बगा.’ आणि अनू डोळे न उघडता म्हणाली होती, ‘म्हणजे बिनउष्टं.’

तो शब्द त्याच्या मनातून पुढे कधी गेलाच नाही. तो शिकत गेला, एम. एस्सी. झाला, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवू लागला, तसतसा तो शब्द मोठा होत गेला. पृथ्वी नवीन होती तेव्हा तिच्यावर समुद्र नव्हता. असता तरी टिकला नसता. मग एवढं पाणी आलं कुठून? त्या सुमाराला परदेशात काही जण म्हणू लागले होते की पाणी वरून पडलेलं नाही, खालून आलेलं आहे. खडक वितळला की त्याच्या पोटातलं पाणी सुटतं, ज्वालामुखीच्या तोंडून वाफ होऊन निघतं, आणि असं करत करत कोट्यवधी वर्षांत समुद्र भरतो. हे वाचलं त्या दिवशी विश्वंभर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोन तास बसला होता. कोकण म्हणजे तर सगळा थिजलेला लाव्हाच. त्यात बुडबुडे राहिले, बुडबुड्यांना आतून गारगोटीची साल धरली, आणि एखाद्या सालीत पाणी कोंडलं. ते जर लाव्ह्याबरोबरच वर आलं असेल तर ते कधी ढगात गेलेलं नाही, नदीतून वाहिलेलं नाही, कुठल्या झाडाने, कुठल्या गुराने, कुठल्या माणसाने प्यायलेलं नाही. जगातलं बाकीचं सगळं पाणी लाखदा फिरून आलेलं, आणि हे तेवढं कोरं. हे सिद्ध झालं तर नुसती पृथ्वीची गोष्ट कळणार नव्हती. शुक्र, मंगळ हेही खडकांचेच. तिथेही कधीतरी ज्वालामुखी पेटले असतील, तिथेही पाणी वर आलं असेल. ते गेलं कुठे? दुर्बिणीतून मंगळाच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसतं, बस्स. तो वर्गात हे सांगायचा तेव्हा मुलं वहीत उतरवून घ्यायची, आणि त्याला मात्र तो लालसर कोरडा ग्रह उगाच जवळच्या माणसासारखा वाटायचा.

याला कारण होतं. अनूला मंगळ होता. म्हणजे पत्रिकेत. तिच्या वडिलांनी पत्रिका दाखवली की समोरचे लोक पोह्यांची बशी खाली ठेवायचे आणि ‘कळवतो’ म्हणायचे. विश्वंभरचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता आणि हे तो गावात सगळ्यांना सांगत सुटायचा, फक्त आपल्या आईला सोडून. आईने एकदाच विषय काढला होता. ताक करता करता म्हणाली होती, ‘मुलगी सोन्यासारखी आहे, पण मंगळाची. तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू?’ त्यावर त्याने मान खाली घालून ताकाचा पेला संपवला होता. आधी प्रबंध होऊ दे, मग बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. प्रबंधासाठी गोटा फोडायला हवा होता, आतलं पाणी काचेच्या नळीत भरून परदेशी प्रयोगशाळेला पाठवायला हवं होतं. करवत आणलेली होती, पत्रव्यवहार झालेला होता. विभागप्रमुख दर टर्मला म्हणायचे, ‘फोडा एकदाचा, विश्वंभर. शास्त्रात दगड कानाला लावून बसत नाहीत.’ पण फोडला की आवाज संपला, म्हणून गोटा फुटत नव्हता. गोटा फुटत नव्हता म्हणून प्रबंध होत नव्हता. प्रबंध होत नव्हता म्हणून दिवेआगरला जाऊन तोंड उघडायची वेळ येत नव्हती. अशी त्याने स्वतःसाठी मोठी सोयीची बैठक घातली होती. आईला जाऊन तीन वर्षं झाली तरी तो त्या बैठकीवरून उठला नव्हता.

गेल्या वर्षी शास्त्रातल्या शब्दांना मराठी शब्द शोधणाऱ्या एका समितीवर त्याला घेतलं होतं. जमिनीच्या पोटातून पहिल्यांदाच वर येणाऱ्या पाण्याला काय म्हणायचं, असा प्रश्न आला. विश्वंभरने धीर करून ‘बिनउष्टं पाणी’ असं सुचवलं. टेबलाभोवती हशा पिकला. एक वृद्ध शास्त्रीबोवा मात्र हसले नाहीत. ‘कल्पना उत्तम आहे,’ ते म्हणाले, ‘पण भाषा स्वयंपाकघरातली झाली. अनुच्छिष्ट जल म्हणा.’ तसं ठरलं, इतिवृत्तात गेलं, विश्वंभरने सही केली. सही वाळायच्या आत त्याचं लक्ष गेलं की शब्दाच्या तोंडाशीच ‘अनु’ आहे. तो ट्रामने घरी येईपर्यंत कुणाकडे न बघता हसत होता, आणि गिरगावच्या नाक्यावर उतरताना त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की तो पुन्हा त्याच ट्राममध्ये चढला आणि शेवटापर्यंत जाऊन आला.

उष्टं म्हणजे काय हे त्याला समितीच्या कितीतरी आधी, दहाव्या वर्षी कळलं होतं. विहिरीवर रहाट चालला होता. बैल फिरत होता, रहाटाचे लोटे एकामागून एक पन्हळीत ओतले जात होते, पन्हळीतून दगडी दोणीत आणि दोणीतून पाटाने पोफळींच्या आळ्यांत पाणी जात होतं. अनूने पन्हळीखाली पितळी पेला धरला, तोंड लावून अर्धा प्यायली, आणि उरलेला त्याच्यापुढे केला. तो प्यायला. ते पाणी गार होतं, त्याला पितळेची चव होती, आणखी कसली तरी होती. तेवढ्यात अनूची गोदूआत्या कडाडली, ‘शी! उष्टं पितोस तिचं? चूळ भर आधी! तीनदा भर!’ त्याने तीन चुळा भरल्या. दोणीपलीकडे अनू पेला घेऊन उभी होती, आणि त्याच्या प्रत्येक चुळेबरोबर तिचं तोंड एवढं एवढं होत होतं. तिसरी चूळ त्याने भरायला नको होती, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं होतं.

कॉलेजात पोचल्यावर त्याने पहिलं काम केलं ते गोट्याचं वजन. काचेच्या पेटीतला तराजू, पितळी वजनं, चिमटा. वजन झाल्यावर पन्नास सालची वही काढली. गोटा पावणेचार ग्रॅमने हलका झाला होता. विद्यार्थ्यांकडून दर महिन्याला प्रत्येक दगडाचं वजन करवून घेणाऱ्या या माणसाने, स्वतःच्या गोट्याचं वजन साडेनऊ वर्षांत दुसऱ्यांदा केलं होतं. आवाज येत होता ना, मग वजन कशाला. गेल्या वर्षी आवाज बारीक झाला तेव्हा त्याने कानाच्या डॉक्टरला आपलेच कान दाखवले होते. आता भिंग लावून विश्वंभरने सालीचा इंच इंच तपासला. तडा कुठेच नव्हता. तडा नसताना पाणी गेलं, म्हणजे सालीतूनच गेलं, श्वासासारखं, रोज थोडं थोडं. आणि ज्या वाटेने बाहेर जाता येतं त्या वाटेने आतही येता येतं. म्हणजे कोंडाजीने ज्या दिवशी गोटा काढला त्या दिवशीही आत लाव्ह्याचं पाणी नसणार. विहिरीचं असणार, त्या आधीच्या पावसांचं असणार, डोंगरावरून झिरपून आलेलं, हजारदा उष्टावलेलं. पहिलं पाणी त्याच्या डब्यात कधी नव्हतंच. प्रबंध संपला होता. आश्चर्य म्हणजे त्याचं त्याला फारसं दुःख झालं नाही. दुःख झालं ते भलत्याच गोष्टीचं. भिंग हातात धरून तो उभा होता आणि त्याला पन्नासच्या जूनमधली ती सकाळ आठवत होती, पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायच्या आधीची. अनू गडग्यापर्यंत आली होती. तीन वर्षं गोटा तिच्याकडे होता, त्याची जागा देवघरात शाळिग्रामाशेजारी. तो ओल्या फडक्यात गुंडाळून तिने त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘याला रोज आंघोळ घाल. वाळला की मुका होतो.’ तो हसला होता. ‘देव आहे का तो?’ ‘देव नसला म्हणून काय झालं? घाल पाणी. तू परत येईस्तोवर बोलता ठेव.’ बोटीवर चढल्याबरोबर त्याने फडकं काढून टाकलं, गोटा रुमालाने खडखडीत पुसला, आणि मुंबईत कोरड्या कापसात ठेवला. बाहेरचं पाणी लागून आतल्या पाण्याची शुद्धता जायला नको म्हणून. प्राणापलीकडे जपला त्याने तो, आणि जपून जपून वाळवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो भाऊच्या धक्क्यावर होता. बोट हलली तशी त्याला मळमळायला लागलं. समुद्र कुठून आला यावर नऊ वर्षं घालवलेल्या माणसाला समुद्र कधी सोसला नव्हता. मुरुडच्या समोर बोट थांबली. पडावाच्या होड्या आल्या, टोपल्या उतरल्या, माणसं उतरली. किनाऱ्यावर माडांची दाट रांग होती आणि मागे कौलं होती. त्यांतलं एक कौल हेडमास्तरांचं असणार. माणूस चांगला होता म्हणत. पहिली बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही, अक्षर सुंदर. विश्वंभरने त्या माणसाचा द्वेष करायचा प्रयत्न करून बघितला, पण त्याने काही केलेलंच नव्हतं. पत्रिकेत मंगळ घेऊन जन्मला होता आणि विचारायची हिंमत केली होती. दिघीला उतरल्यावर एस.टी. मिळाली. बोर्लीच्या चढावर गाडी धापा टाकत असताना विश्वंभरने मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. मला उशीर झाला असेल तर, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचं पुढचं वाक्य काही आलं नाही.

शनिवार होता, शाळा सकाळची. अनू विहिरीवर होती. रहाट थांबवलेला होता, बैल सोडून झाडाला बांधला होता, पन्हळीतून उरलेलं पाणी बारीक धारेने दोणीत पडत होतं. ती दोणीच्या कडेवर बसून बोटांचा खडू धूत होती. कानशिलावरचे चार केस पांढरे झालेले त्याला दिसले, आणि ते पांढरे होताना आपण इथे नव्हतो याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो गडग्याशीच उभा राहिला.

‘आलास?’ ती म्हणाली. ‘कार्डाला उत्तर टाकलं असतंस तरी चाललं असतं. बोट लागते तुला.’

‘लागली,’ तो म्हणाला. मग डबा उघडून त्याने गोटा तिच्यापुढे धरला. ‘मुका झाला, अनू.’

तिने गोटा घेतला, पण कानाला लावला नाही. नुसता तळहातावर तोलला. ‘आंघोळ घालत होतास?’

‘नाही.’

‘एकदाही?’

‘कापसात ठेवला होता.’

‘कापसात!’ ती हसली, अगदी मोठ्याने, आणि मग हसता हसता थांबली. ‘असा तो मागेही झाला होता मुका. मी ट्रेनिंगला गेले होते तेव्हा. आत्याने त्याला देवघरातून उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवला. म्हणाली, कातळाच्या धोंड्याला कुठे आंघोळ घालत बसू. वर्षाने परत आले तर ठणठणीत कोरडा. मग या दोणीत टाकून ठेवला. आठ महिन्यांनी बोलायला लागला.’

विश्वंभर दोणीच्या दुसऱ्या कडेवर बसला. ‘म्हणजे तुला माहीत होतं. हे इथलंच पाणी आहे, हे तुला पन्नास सालीच माहीत होतं.’

‘माहीत म्हणजे काय? वाळला, भिजत घातला, भरला. डाळीचं कळतं तसं कळलं.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं की. रोज पाणी घाल म्हटलं, वाळला की मुका होतो म्हटलं. आणखी कसं सांगतात?’

 परदेशी पत्रं, करवत, काचेच्या नळ्या, समितीतले शास्त्रीबोवा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्या सगळ्याच्या मागे हे एक साधं वाक्य गडग्याशी उभं होतं. पाणी आलं कुठून, एवढंच तो इतकी वर्षं विचारत होता. आलेलं पाणी राहतं कशाने, हे त्याने ना मंगळाबद्दल विचारलं, ना गोट्याबद्दल, ना हिला. रोज थोडं घालावं लागतं, इतकं सोपं होतं ते.

‘उद्या मुरुडची मंडळी यायची,’ तो शेवटी म्हणाला.

‘नाही यायची. बुधवारी मी नकार कळवला.’ आणि त्याच्या तोंडाकडे बघून लगेच म्हणाली, ‘उगाच फुगू नकोस. तुझ्यासाठी नाही. त्यांना शाळा सोडलेली बायको हवी होती. मला शाळा सोडायची नाही.’

‘मग कार्ड…’

‘कार्ड टाकलं तेव्हा काही ठरलं नव्हतं. पोस्टमनची पाच दिवस वाट बघितली. मग नाही बघितली.’ ती हे रागाने म्हणाली नाही. वर्गात हजेरी घ्यावी तशी म्हणाली, आणि तेच त्याला लागलं.

‘माझं म्हणणं आहे, अनू. दहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते. आईसमोर म्हणायला हवं होतं.’

‘हो. हवं होतं.’ तिने गोटा दोणीत सोडला. तो तळाशी जाऊन बसला, आणि त्याच्या सालीवरून चारदोन बारीक बुडबुडे वर आले. दोघंही ते बघत राहिली. ‘मला आता वाट बघायची सवय राहिली नाही, विशू. मोडली ती. तू म्हणशील आणि मी लगेच ऐकीन, असं नाही होणार.’

‘याला किती दिवस लागतील?’

‘मागच्या खेपेला आठ महिने लागले होते. या खेपेला किती ते काय सांगू? नऊ वर्षं वाळवलायस तू.’

‘मी येत जाईन. दर महिन्याला. वजन करीन.’

‘वजन कशाला करायचं?’ ती म्हणाली. ‘हलवून बघितलं की कळतं.’

पडवीतून गोदूआत्याची म्हातारी हाक आली, ‘कोण आलंय गं?’  सकाळपासून चौथीच्या वर्गापुढे बोलून बोलून अनूचा घसा बसला होता. तिने पन्हळीखाली पेला धरला, भरू दिला, आणि तोंड लावून प्यायली. तोच पेला होता की दुसरा, कोण जाणे, पितळीच होता. अर्धा झाल्यावर ती थांबली आणि तोंड पुसू लागली. विश्वंभरने हात पुढे केला आणि तिच्या हातातून पेला घेतला. कडेवर एका जागी तिच्या ओठांची ओल होती. त्याने पेला फिरवला नाही. तिथूनच तोंड लावलं आणि सावकाश, एक एक घोट करत, सगळा संपवला.

अनू त्याच्याकडे बघत होती. दहा वर्षांची असताना दोणीपलीकडून बघत होती तशीच.

‘उष्टं होतं ते,’ ती म्हणाली.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला, आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला. ‘अजून दे.’